काचेची केबिन आणि बाहेर काढलेल्या चपला

वडिलांचं ऑफिस नाशिकला रविवार कारंज्याजवळ, दुसऱ्या मजल्यावर. सागवानी टेबल, त्यावर काच, काचेखाली ट्रान्सपोर्टवाल्यांची कार्डं, मागे लाल फडक्यात बांधलेले वह्यांचे गठ्ठे. जिना चढून माणूस धापा टाकत यायचा, पण टेकला की घरचंदारचं सगळं बोलून मोकळा व्हायचा. मी सीए झालो आणि ठरवलं, हे आता पुरे. कॅनडा कॉर्नरला ३१० चौरस फुटांचा गाळा घेतला.

आम्हा सीए लोकांना जाहिरात करून गिऱ्हाईक ओढायला १९४९ च्या कायद्यानेच मनाई आहे. तेव्हा ऑफिस हीच काय ती आपली पाटी, असं माझं गणित. डिझायनरने पांढरं चकचकीत लॅमिनेट लावलं, १२ मिलिमीटर टफन्ड काचेची केबिन केली, पीओपीच्या छतात ६५०० केल्विनचे, म्हणजे निळसर पांढरे, लाइट बसवले, पुढे ऑफ-व्हाइट सोफा. फोटो झकास आले.

पहिल्याच आठवड्यात निफाडचे नाना आले. द्राक्षबागायतदार, वडिलांच्या वेळेपासूनचे, मला लहानपणापासून बघितलेलं. काचेच्या दाराबाहेर, चार ऑफिसांच्या सामायिक पॅसेजमध्ये त्यांनी चपला काढल्या. सोफ्याच्या कडेला जेमतेम टेकले आणि कागद काढायच्या आधी विचारलं, "काय रे, फी वाढवलीस का?"

सातपूरचे एक वर्कशॉपवाले तर बसलेच नाहीत. पँटला तेलाचे डाग. "उभ्यानेच सांगतो साहेब, मशीन चालू ठेवून आलोय." मशीनचं खरं असेलही, पण नजर सोफ्यावर होती. बॅलन्स शीटवर सहीसुद्धा त्यांनी उभ्यानेच केली.

खरा फटका बसला भांडी बाजारातल्या व्यापाऱ्याच्या वेळी. भावाभावांत वाटणी व्हायची होती. ते केबिनमध्ये आले, खुर्ची फिरवून काचेकडे पाठ केली आणि इकडचं तिकडचं बोलत राहिले. बाहेर सोफ्यावर त्यांच्याच पेठेतला एकजण बसलेला. "येतो नंतर," म्हणून उठले. तीन आठवडे आले नाहीत. शेवटी मीच दुकानात गेलो. तांब्याच्या हंड्यांच्या उतरंडीमागे, पाटावर बसून, त्यांनी दहा मिनिटांत सगळं सांगितलं. निघताना म्हणाले, "तुमच्या तिथे नुसतं दिसत नाही साहेब, ऐकूही जातं."

परत येऊन मी एका आर्टिकलला, म्हणजे हाताखालच्या शिकाऊ पोराला, केबिनमध्ये बसवलं, हळू आवाजात आकडे वाचायला सांगितले आणि सोफ्यावर जाऊन बसलो. प्रत्येक आकडा ऐकू आला. फरशी, काच, पीओपी, सगळंच कडक. आवाज शोषून घेईल असं खोलीत काहीच नाही. त्यात दाराखाली बोटभर फट. शिवाय त्या निळसर उजेडात समोरचा माणूस आजारीच दिसायचा.

मग दुरुस्ती सुरू केली. काचेवर जमिनीपासून पाच फुटांपर्यंत फ्रॉस्टेड फिल्म लावली. बसलेल्याचा चेहरा झाकतो, वरून उजेड येतो. एका भिंतीला कापडी सॉफ्टबोर्ड, खिडकीला जाड पडदा, दाराखाली रबरपट्टी. लाइट कमी निळसर, ४००० केल्विनचे. सोफा भाच्याच्या घरी गेला, त्या जागी गडद रेक्झिनच्या खुर्च्या. आणि वडिलांचं टेबल आणलं, सोबत ते लाल गठ्ठेही. टेबल दारातून जाईना, सुताराने पाय सुटे करून आत घेतलं. डिझायनरला हे कळल्यावर तो जरा फुगलाच.

भांडी बाजारवाले आता केबिनमध्येच बसून बोलतात. सगळ्यांनाच ते रूप रुचलं असं मात्र नाही. सॉफ्टवेअर कंपनी काढलेली दोन पोरं आली, टेबलाकडे आणि लाल गठ्ठ्यांकडे बघून विचारलं, "सर, तुम्ही पेपरलेस नाही का?" मी झोंबल्यासारखा स्क्रीन त्यांच्याकडे वळवला. काम मिळालं, पण दुसऱ्या दिवशी गठ्ठे कपाटात गेले. टेबल तिथेच आहे.

जुलैच्या गर्दीत नाना पुन्हा आले. रेक्झिनच्या खुर्चीत ऐसपैस बसले, चहा प्यायले, फीचं नाव काढलं नाही. चपला मात्र बाहेरच. चकाकत्या फरशीवर पायताण घालून यायला त्यांना जड जातं, आणि फरशी बदलायला माझ्याकडे पैसे नाहीत. म्हणून दाराच्या आत चपलांचा एक स्टँड ठेवलाय. तो रिकामाच असतो.