गोड काठी

25 सप्टेंबर 2015. इंडोनेशियात पेटलेल्या रानांच्या धुरानं सिंगापूर गुदमरलं होतं. त्या शुक्रवारी शाळाही बंद ठेवल्या होत्या. मी घरोघरी जाणारी नर्स, मास्क लावून तोआ पायोहच्या एका सातव्या मजल्यावर पोचले.

आंटींचं वय 71. दार उघडलं ते भिंतीला धरूनच. बीपी 182/98, पंधरवड्यापूर्वी वरचं 140च्या आत होतं. घोट्यावर बोट दाबलं की खळगा तसाच राहायचा. रात्री पोटऱ्यांत गोळे येतात म्हणाल्या. गोळ्या मोजल्या, एकही चुकली नव्हती.

"दुसरं काही औषध घेता?"

"नाही मिसी." इथली जुनी माणसं नर्सला मिसी म्हणतात.

मागच्या वेळीही हेच उत्तर मी लिहून घेतलं होतं आणि निघून गेले होते. या वेळी मला वासानं थांबवलं. सांगलीला आमच्या आईच्या काढ्याला यायचा, तोच.

शेगडीवर मातीचं भांडं होतं. या काढ्याला लोखंडी भांडं चालत नाही. तीन वाट्या पाणी आटवून एक वाटी करायचं. आत शेवंतीची फुलं, फोडलेलं लो हान ग्वो नावाचं फळ आणि पिवळट, तिरके काप. शेजारच्या डब्यातला कोरडा काप चावून पाहिला. ज्येष्ठमध! चिनी भाषेत गानत्साव, म्हणजे गोड गवत. आपलं यष्टिमधु म्हणजे गोड काठी.

"अगं, हे औषध थोडंच? हा तर चहा," आंटी म्हणाल्या.

धुरानं फुप्फुस कोरडं पडतं, त्याला ओलावा हवा, हे त्यांचं लहानपणापासूनचं ज्ञान. मेडिकल हॉल म्हणजे चिनी औषधांचं दुकान, तिथल्या वैद्यांनी पाच दिवसांच्या पुड्या दिल्या होत्या. त्या संपल्यावर आंटींनी घरीच काढा सुरू ठेवला. नातवाला कडू नको, म्हणून गोड काप वाढवत गेल्या. तो दोन घोट पिऊन पळायचा, उरलेलं दिवसभर त्याच संपवायच्या. असे तीन आठवडे. गानत्सावची नेहमीची मात्रा दिवसाला 2 ते 10 ग्रॅम. त्यांची एक मूठ मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली, तर 34 ग्रॅम भरली.

ज्येष्ठमधातलं ग्लिसिरायझिन मूत्रपिंडातल्या एका एन्झाइमला अडवतं. मग मीठ-पाणी अंगात साठतं, बीपी चढतं आणि पोटॅशियम लघवीवाटे निघून जातं. त्यात आंटींना लघवीची गोळीही चालू होती. मी तिथूनच डॉक्टरांना फोन केला. रुग्णालयात पोटॅशियम 2.6 निघालं. एवढ्यावर हृदयाचे ठोके बिघडू शकतात.

तिथल्या एका तरुण डॉक्टरांनी "झाडपाला सगळा बंद" असं फर्मावलं. आंटी रडल्या. मला ते फार लागलं. वैद्यांची पुडी तोलून-मापून दिलेली होती, आणि शेवंतीनं त्यांचं काही बिघडवलं नव्हतं. मी पलंगाशी बसून एकेक जिन्नस डॉक्टरांना सांगितला. दोष कशाचा आणि किती, ते त्यांनी मग शांतपणे आंटींना समजावलं.

महिन्याभरानं गेले तेव्हा बीपी 136/80 होतं. आंटींनी माझ्यापुढे नासपती ठेवली. गाभा काढून, आत खडीसाखर भरून, झाकणाच्या वाटीत काचेसारखी होईपर्यंत वाफवलेली. फ्रिजवर माझा गोळ्यांचा तक्ता होता. त्याच्या तळाशी आंटींनी पेन्सिलीनं दोन चिनी अक्षरं लिहून त्यांवर काट मारली होती: गानत्साव.