पदर भिंतीवर

साडी विरते ती मधूनच. कमरेशी, गुडघ्याशी, नाहीतर कासोट्याच्या घोळात. काठ-पदर मात्र तसेच ठसठशीत राहतात. इंदूरच्या मराठी घरांत कपाटाचा वरचा खण उपसला की अशी एखादी महेश्वरी हमखास निघते. महेश्वर इथून जेमतेम ९० किलोमीटरवर. पूर्वी अशा साडीचं परकर-पोलकं व्हायचं, उरलेल्याची गोधडी. आता पदर चौकटीत बसवून दिवाणखान्यात लावायची टूम आली आहे. चांगलीच आहे, फक्त आधी डिंकाची बाटली हातातून खाली ठेवा. डिंकाने कापड ताठरतं, पुढे पिवळे डाग वर येतात आणि ते निघत नाहीत. टाका कधीही उसवता येतो.

कापण्याआधी पदर खिडकीच्या उजेडासमोर धरा. जुनं रेशीम नेमकं घडीवर चिरतं, कारण वर्षानुवर्षं घडी त्याच रेघेवर पडलेली असते. चिमटीत धरल्यावर कुरकुर वाजत असेल, तर त्यातून सुई घालूच नका. वर बारीक जाळी घेऊन ती कडेने शिवा. धुवायचा मोह झाला, तर आतल्या कोपऱ्यावर ओला पांढरा कापूस दाबून बघा. रंग उतरला, की विषय संपला.

सरळ कापायला पट्टी-पेन्सिल नको. कडेचा एक आडवा धागा हलकेच ओढून काढायचा. कापडात झिरझिरीत रेघ उमटते, तिच्यावरूनच कात्री चालवायची. पेन्सिलीची रेघ दिसायला सरळ असते, पण विणीला तिरकी जाते आणि महेश्वरीच्या पदरावरचे पाच पट्टे चौकटीत कलंडलेले दिसतात. कुणीतरी पाहुणा ते बरोबर हेरतोच.

४० बाय २४ इंचांच्या चौकटीला ४६ बाय ३० इंचांचं मांजरपाट लागतं. ते आधी गरम पाण्यातून काढून वाळवायचं. कोरंच ताणलं, तर पुढे आटतं आणि वरच्या पदराला चुण्या पडतात. चौकटीच्या लाकडाला वार्निश द्या, पुरतं वाळू द्या, नाहीतर लाकडाचा डाग कापडात उतरतो. मांजरपाट मधून कडेकडे ताणत ठोकायचं. मग त्यावर पदर नुसता पसरायचा, ताणायचा नाही. पहिली ओळ मधोमध, पुढच्या चार-चार इंचांवर, टाके अर्ध्या इंचाचे आणि सैल. काठाच्या आतल्या रेघेला लागून शिवलं तर टाका विणीत लपतो. काच लावणार असाल, तर काच आणि कापड यांत पाव इंच फट हवीच. दमट हवेत टेकलेलं कापड काचेला चिकटतं.

खरं तर महेश्वरीच्या काठाला भिंतच कशाला? तो दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो. वर नेफा शिवून दांडीत ओवा आणि दोन खोल्यांमधल्या दारात सोडा. लहर, चटई, जी काही नक्षी असेल ती इकडूनही दिसते, तिकडूनही. तळाला बारीक सळई घातली की काठ फडफडत नाही.

जरतार काळी पडली असेल तर पडू द्या. ती चांदीची असेल तर काळवंडणारच. लिंबू, पितांबरी देवाच्या भांड्यांसाठी. जरीवरचा मुलामा त्यात घासून जातो. पश्चिमेची भिंत टाळा. आणि चौकटीच्या मागे चारही कोपऱ्यांत बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे पावसाळ्यात भिंतीची ओल कापडाला लागत नाही. डिंक चालेल तो फक्त इथे.