पाच तळांचं जग: पाण्याखालच्या कॅम्पेनची आतापर्यंतची नोंद

आमचं डंजन्स अँड ड्रॅगन्सचं कॅम्पेन, म्हणजे टेबलाभोवती बसून भूमिका घेत आणि फासे टाकत खेळायची सलग कथा, आता पाण्याखालच्या जगाच्या तिसऱ्या थरात उतरलं आहे; खेळ मी चालवते. पार्टी, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांची टोळी, पाचव्या लेव्हलला आहे, सगळी कॅरेक्टर्स जिवंत आहेत, आणि या जगात जमीन नाही याची आठवण टेबलावर कुणाला करून द्यावी लागत नाही. मला सगळ्यात जास्त हेच हवं होतं. एरवी पाण्याखालचं साहस म्हणजे श्वास घेण्याचा मंत्र, एक बुडालेलं देऊळ, एक-दोन सेशन आणि मग परत किनारा. तिथे पाणी ही अडचण असते. आमच्याकडे किनाराच नाही. इथे जन्मलेल्याला पाणी जाणवतसुद्धा नाही, त्याला जाणवतं ते आपण किती खोल आहोत एवढंच. म्हणून पाण्यामुळे बसणारे दंड जमतील तेवढे काढायचे आणि त्यांच्या जागी खोलीला बसवायचं, या एका निर्णयावर सगळं उभं केलं.

थर पाच. अतळ पृष्ठभागापासून २०० मीटरपर्यंत, म्हणजे वनस्पती जगतील एवढा उजेड असलेलं पाणी. वितळ १००० मीटरपर्यंत, तिथे कायमची संध्याकाळ. सुतळ ४००० पर्यंत, पूर्ण काळोख. रसातळ ६००० पर्यंत, आणि त्याखालचे खंदक म्हणजे पाताळ. हे आकडे समुद्रशास्त्रातल्या थरांचेच आहेत, मी फक्त नावं दिली. पृष्ठभागाच्या वर हवा आहे, पण तिथे कुणाचं काही काम नाही.

नियम या खेळाच्या पाचव्या आवृत्तीचे, २०१४ चे. ते नीट वाचले तर पाण्याखालच्या लढाईचा अर्धा दंड स्थानिकांना लागूच होत नाही. जवळून वार करतानाचं डिसॲडव्हांटेज (दोन फासे टाकून कमी आकडा धरणं) फक्त पोहण्याचा स्पीड नसलेल्यांना आहे, आणि खंजीर, शॉर्टसोर्ड, भाला, जॅव्हलिन, त्रिशूळ हातात असेल तर त्यांनाही नाही. मी प्रत्येक वंशाला चालण्याइतकाच पोहण्याचा स्पीड दिला आणि तो प्रश्न मिटला. लांबून मारण्याचा नियम मात्र जसाच्या तसा ठेवला: नॉर्मल रेंजच्या बाहेरचा नेम चुकतोच, आणि रेंजच्या आतसुद्धा क्रॉसबो, जाळं किंवा जॅव्हलिनसारखं फेकायचं शस्त्र नसेल तर डिसॲडव्हांटेज. त्यामुळे या जगात धनुष्य कुणी बनवतच नाही. आणि एरवी उपकरणांच्या यादीत पडून राहणारं जाळं आमच्या रेंजरचं मुख्य हत्यार झालं आहे. आगीचे मंत्र उकळत्या पाण्याचा झोत म्हणून येतात आणि पूर्ण डॅमेज देतात. मूळ नियमात बुडालेल्या प्रत्येकाला आगीविरुद्ध रेझिस्टन्स, म्हणजे निम्मं डॅमेज, आहे, पण त्याने एका खेळाडूचं अख्खं कॅरेक्टर निम्मं होतं, आणि ते मला पटत नाही.

खरी मेहनत तिसऱ्या मितीवर गेली. सपाट ग्रिडवर एका मध्यम आकाराच्या प्राण्याला आठ चौकोन लागून असतात. पाण्यात ते सव्वीस घन होतात. याचा अर्थ, एकटा बॉस मोकळ्या पाण्यात सापडला की संपला, कारण अख्खी पार्टी त्याला एकाच वेळी भिडते आणि तरीही जागा उरते. म्हणून आमच्याकडचा प्रत्येक मोठा शत्रू कपारीला पाठ लावून बसतो, किंवा प्रवाहात राहतो. प्रवाह मी लेअर ॲक्शनसारखा, म्हणजे शत्रूच्या गुहेनेच दर राउंडला केलेल्या हालचालीसारखा, चालवते: इनिशिएटिव्ह (पाळीचा क्रम) २० वर पाण्यातले सगळे एका ठरलेल्या दिशेला दहा फूट सरकतात, ज्याने काही घट्ट धरलं असेल तो सोडून. एवढ्यावर लढाईचा नूर पालटतो. मग हात मोकळा ठेवायचा की दोन्ही हातांत शस्त्र घ्यायचं, हा दर राउंडचा प्रश्न होतो.

अंतर मोजायची पद्धत सोपी ठेवा, नाहीतर टेबल गणितात अडकतं. प्रत्येक मिनीएचरखाली (पात्राच्या छोट्या बाहुलीखाली) एक फासा ठेवतो, त्यावरचा आकडा म्हणजे उंची. दोघांमधल्या लांबी, रुंदी आणि उंचीच्या फरकांपैकी जो सगळ्यात मोठा, तेच अंतर. तिरक्या चौकोनालाही पाचच फूट धरायचे हा ग्रिडचा नेहमीचा नियम, तोच वरच्या दिशेला लावला. गोलाकार मंत्र इथे फार जोरकस होतात. जमिनीवर फायरबॉलचा बराचसा गोळा रिकाम्या आकाशात किंवा मातीत वाया जातो, पाण्यात तो पूर्ण लागू पडतो. ते मी कमी केलं नाही. शत्रू शहाणे झाले आणि पांगून यायला लागले, तेवढं पुरलं.

आणखी एक नियम मला मनापासून आवडतो. उजेड वरून येतो, त्यामुळे खालून पाहणाऱ्याला वरचा प्राणी काळ्या आकृतीसारखा स्पष्ट दिसतो. अतळात आणि वितळाच्या वरच्या भागात खालून हल्ला करणाऱ्याला पहिल्या राउंडला ॲडव्हांटेज (दोन फाशांतला मोठा आकडा). खऱ्या समुद्रातले कितीतरी मासे आणि स्क्विड यावर तोड म्हणून पोटाकडून मंद उजेड सोडतात, आपली सावली पुसून टाकतात. आमच्या रोगने (चोर-हेर प्रकारच्या पात्राने) तसं चिलखत मिळवण्यासाठी एक अख्खी मोहीम घडवून आणली, आणि ती मी आखलेल्या कथेपेक्षा सरस निघाली.

रंगांचं सांगायलाच हवं. लाल रंग पाण्यात सगळ्यात आधी शोषला जातो, निळा सगळ्यात खोल पोचतो. त्यामुळे खोलात रक्त लाल दिसत नाही आणि लाल प्राणी जवळपास अदृश्य असतो. काही ड्रॅगनफिश मात्र स्वतः लाल प्रकाश सोडतात आणि तो पाहूही शकतात, आजूबाजूच्या बहुतेकांना तो दिसत नाही. यावरून मी लालदिवे नावाचा मारेकऱ्यांचा संघ केला. ते तुमच्या तोंडावर दिवा धरून उभे असतात आणि तुम्हाला काळोखच दिसतो. या जगात डार्कव्हिजन, म्हणजे अंधारात पाहण्याची शक्ती, सगळ्यांना आहे, त्यामुळे नुसत्या अंधाराची भीती उरत नाही. पण कुणीतरी आपल्याला पाहतंय आणि आपल्याला ते कळत नाही, ही भीती डार्कव्हिजनने जात नाही.

आवाजाचंही तसंच. समुद्रात ध्वनी सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो, हवेत सुमारे ३४०. दोन्ही कानांवर तो जवळजवळ एकदमच पोचतो, म्हणून माणसाला पाण्यात आवाज ऐकू येतो पण दिशा सांगता येत नाही. आमच्याकडे ऐकण्याचा रोल सोपा आणि दिशेचा रोल वेगळा, अवघड. शिवाय समुद्रात एक थर असा असतो जिथे ध्वनीचा वेग सगळ्यात कमी होतो. आवाज त्या थरात कोंडला जातो आणि हजारो किलोमीटर जाऊ शकतो. मॉरिस युइंग यांनी १९४० च्या दशकात तो दाखवून दिला. मध्यम अक्षांशांवर तो साधारण १००० मीटरवर असतो, म्हणजे नेमका माझ्या वितळ आणि सुतळाच्या सीमेवर. तिथे हाकारे राहतात, जगाचे निरोप्ये. त्या खोलीवर केलेली कुजबुज कोण कुठे ऐकेल याचा नेम नाही, त्यामुळे पार्टी तिथून जाताना हातवाऱ्यांनी बोलते. खेळाडूही टेबलावर आपोआप गप्प होतात, मी सांगितलेलं नसताना.

पैसा आणि धातू यांवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. आग नाही, मग लोहार काय करणार? समुद्रतळावरचे गरम झोत १९७७ साली गॅलापागोसजवळ पहिल्यांदा पाहण्यात आले, आणि अशा झोतांच्या काही धुरांड्यांमधून ३५० अंश सेल्सियसच्या वर तापलेलं पाणी निघतं. वरच्या दाबामुळे ते उकळत नाही. आता हिशेब करा: कथील २३२ अंशांना वितळतं, शिसं ३२७ ला, तांबं १०८५ ला. म्हणजे धुरांड्यांवरचा कारागीर कथील आणि शिसं ओतू शकतो, तांबं सापडलं तर फक्त ठोकू शकतो, लोखंडाचं नावच नको. त्यामुळे शस्त्रं हाडाची, दाताची, ज्वालामुखीच्या काचेची. एका लोखंडी तलवारीचा तुकडा सापडला तेव्हा टेबलावर जी खळबळ उडाली, ती एखाद्या जादुई तलवारीनेही उडाली नसती.

वरच्या थरांत कवड्या चालतात. पण शिंपले-कवड्या कॅल्शियम कार्बोनेटच्या असतात, आणि साधारण ४००० ते ५००० मीटरखाली ते विरघळायला लागतं. रसातळात कवडी साठवली तर तिजोरी रिकामी होणार. म्हणून खालचं नाणं म्हणजे मँगनीजचे गोटे. ते दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर वाढतात. खालचे लोक किंमत काळात सांगतात: ‘हे चिलखत चार युगांचं.’ वरचे व्यापारी कवड्या घेऊन खाली येतात आणि परतीच्या तारखेपर्यंत त्यांची श्रीमंती झिजत जाते. ही ओळ मी एका सावकाराच्या तोंडी घातली आणि आमच्या बार्डने (गायक पात्राने) तिथल्या तिथे कर्जव्यवहाराचा एक भन्नाट डाव रचला.

दाबावर मी फारसा भर दिला नाही. दर दहा मीटरला एक वातावरण (पृष्ठभागावरच्या हवेच्या दाबाइतका दाब) वाढतं, एवढं धरून थर बदलताना एक दिवस जुळवून घ्यायला लावते. त्याचा सगळ्यात सुंदर उपयोग खेळाडूंनीच केला. नव्वद मीटरवरची एक अवजड घंटा चोरायची होती. त्यांनी तिला वायूची कातडी पिशवी बांधली. नव्वद मीटरवर दाब दहा वातावरणं, चाळीस मीटरवर पाच. म्हणजे तिथवर येईतो पिशवी दुप्पट फुगली होती आणि घंटा हाताबाहेर वेगाने वर निघाली होती, वाजत. पुढचा पाठलाग अख्खं सेशन चालला.

सध्या पार्टी सुतळात, हाडपेठेत आहे. मोठा देवमासा मेला की त्याचं कलेवर तळाशी जातं आणि त्यावर कित्येक दशकं एक अख्खी वस्ती जगते: आधी मांस ओरबाडणारे, मग आसपासच्या गाळावर आणि हाडांवर जगणारे किडे, शेवटी हाडांतल्या चरबीतून निघणाऱ्या सल्फाइडवर पोसले जाणारे जीव. आमच्याकडे देवमाशाच्या जागी शेकडो मीटरचं लेव्हियाथन, म्हणजे राक्षसी समुद्रप्राणी, आहे आणि त्या तीन टप्प्यांचे तीन समाज. मांसवाल्यांचा काळ संपत आला आहे. त्यांनी गाव वसवलं, रस्ते बांधले, मुलं इथेच वाढवली. हाडवाले म्हणतात, करार पिढ्यांपूर्वीचा आहे, आता आमची पाळी. तिसऱ्या समाजाची माणसं अजून आलेलीच नाहीत, तरी त्यांचा वकील आधीच हजर आहे. यात खलनायक नाही, आणि म्हणूनच खेळाडू सेशन संपल्यावरही भांडत बसतात. आमचा पॅलाडिन (धर्मयोद्धा) मांसवाल्यांकडे झुकला आहे, ड्रुइड (निसर्गपूजक) ठामपणे विरुद्ध.

पुढच्या भागाची तयारी झाली आहे. हाडपेठेच्या वरच्या उतारावर गाळ सैल आहे आणि भूकंप येणार आहे. १९२९ साली न्यूफाउंडलंडजवळच्या ग्रँड बँक्सच्या भूकंपानंतर समुद्रतळावरच्या तारा उताराच्या दिशेने एकामागून एक तुटत गेल्या. गाळाचा लोंढा खाली धावत होता, आणि तारा कुठल्या वेळी तुटल्या यावरून त्याचा वेग पुढे काढता आला. तेच मी टेबलावर आणते आहे. हाकाऱ्यांनी उतारावर सहा नाददोर ताणले आहेत. प्रत्येक दोर तुटला की आवाज गावात ऐकू येतो, आणि दोरांमधलं अंतर खेळाडूंना माहीत आहे. पहिल्या दोन दोरांमधले राउंड मोजले की लोंढा कधी पोचेल हे त्यांना स्वतः काढता येईल. त्याच वेळी मांसवाल्यांची आणि हाडवाल्यांची सभा भरलेली असेल, आणि गाव रिकामं करण्याचा हुकूम देण्याचा अधिकार नेमका कुणाचा, हाच त्या सभेचा विषय आहे. दोर मोजायचा फासा मी पडद्यामागे नाही, टेबलाच्या मधोमध ठेवणार आहे.