ठिपका तोच, धंदा नवा

आमचं दुकान कराडचं. आज आम्ही लोकांच्या फोटोंचं कॉमिक करून देतो. अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, सुरुवात केली स्क्रीन प्रिंटिंगने. लग्नपत्रिका, व्हिजिटिंग कार्ड, स्टिकर, कापडी पिशव्या. पत्रिकेवर फोटो हवा असला की तो आधी ठिपक्यांत फोडून पॉझिटिव्ह, म्हणजे छपाईची पारदर्शक फिल्म, काढावी लागे. स्क्रीनमधून शाई एक तर उतरते, नाहीतर उतरत नाही. मधली करडी छटा तिला ठाऊकच नाही. ठिपका मोठा केला की गडद, बारीक केला की फिकट. फ्लेक्स आणि डिजिटल प्रिंट आले, हे काम आटलं आणि मी कॅमेरा घेतला.

कॉमिक फोटोंकडे आम्हाला वळवलं ते एकसष्टीच्या एका ऑर्डरने. १९६४ पासून निघालेल्या इंद्रजाल कॉमिक्सवर वाढलेली पिढी आता साठीच्या घरात आहे. मुलांना बाबांसाठी काहीतरी वेगळं हवं होतं. (आमच्याकडे वाढदिवस म्हटलं की चौकात गॉगल लावलेला फ्लेक्स. त्याचा घरच्यांनाही कंटाळा येतो.) बाबांचे तरुणपणापासूनचे फोटो घेऊन, चौकटी पाडून, फुग्यात संवाद घालून त्यांचं स्वतःचं कॉमिक करायचं ठरलं.

तेव्हा आम्ही गिंप हे फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर वापरायचो, कारण ते फुकट. त्यात ‘कार्टून’ नावाचा फिल्टर आहे, ठिपक्यांसाठी ‘न्यूजप्रिंट’ आहे. दोन्ही लावून पाहिले तर बाबा जुन्या पेपरातल्या श्रद्धांजलीच्या फोटोसारखे दिसायला लागले. चुकतंय कुठे, ते अण्णांनी लगेच हेरलं. म्हणाले, "रेघेला कशाला ठिपके पाडतोस? रेघ सॉलिड काळी पाहिजे, ठिपके फक्त रंगात."

खरी गोम तिथेच आहे. जुन्या अमेरिकी कॉमिक्समध्ये काळ्या रेघांची प्लेट वेगळी असे आणि ती भरीव छापली जाई. बाकी तीन रंग पाव, अर्धा आणि पूर्ण अशा ठरावीक टक्क्यांत. कोरा कागद धरून त्यांच्या जोड्या होतात ६४. सगळी गंमत एवढ्याच रंगांची. आम्ही आजही तसंच दोन भागांत काम करतो, आता फोटोशॉपमध्ये. रंगाच्या लेयरला सरफेस ब्लर देऊन कातडीचा पोत पुसायचा, पोस्टराइझने छटा पाच-सहावर आणायच्या, फाइल सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार रंगांत, करून ठिपके पाडणारा कलर हाफटोन लावायचा. रेघेसाठी मूळ फोटोची दुसरी प्रत रंगहीन करायची, तिला कडा उठवणारा हाय पास द्यायचा, मग मधल्या करड्याच्या, म्हणजे १२८ च्या, जरा खाली थ्रेशोल्ड देऊन नुसतं काळं-पांढरं करायचं, आणि तो लेयर मल्टिप्लाय करून वर ठेवायचा, म्हणजे फक्त काळी रेघ दिसते.

इथपर्यंत संगणक करतो. पुढचं हाताने. हाय पास सुरकुती आणि जबड्याची कड यांत भेद करत नाही, त्यामुळे पंचविशीतली नवरी साठीची दिसते. जरीचा काठ नुसता कचरा होतो. मुंडावळ्यांचे मोती एकमेकांत मिसळून गालावर काळे डाग पडतात. हे सगळं मास्कने झाकून पेन टॅबलेटवर नवीन रेघ ओढावी लागते. गालावर रेघ नाही, नथीला मात्र हवीच. काय गाळायचं हे ज्याला कळलं, त्याचा चेहरा ओळखू येतो.

मराठी संवादांनी वेगळाच घाम काढला. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत टाइपची सेटिंग बदलली नाही तर पहिली वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटायची आणि जोडाक्षरं सुटायची. शिवाय वर मात्रा, खाली उकार, म्हणून दोन ओळींत इंग्रजीपेक्षा जास्त जागा सोडावी लागते आणि फुगा मोठा होतो. गोल फुग्याऐवजी आम्ही आडवा लंबगोल घेतो. शिरोरेषा त्यात छान बसते. फाँट बहुतेक वेळा बालू: जाडजूड, खेळकर आणि मुक्त परवान्याचा.

२०१६ मध्ये फोटोचं चित्र करून देणारं प्रिझ्मा ॲप आलं, तेव्हा फोनवर फुकटात होणाऱ्या कामाला पैसे कोण देईल, असं सगळ्यांनी ऐकवलं. काही महिने सुट्या फोटोंचं काम खरंच बसलं. पण २०२० मध्ये लग्नाला ५० माणसांची मर्यादा आली, पत्रिका व्हॉट्सॲपवर गेल्या आणि चार चौकटींचं कॉमिक निमंत्रण जोरात चाललं. ॲप चेहरा बदलून देतं. मामांची नेहमीची कोटी तिसऱ्या चौकटीत कशी बसवायची, ते त्याला कुठून कळणार? २०२५ च्या मार्चमध्ये एआयकडून कार्टूनसारखे फोटो करून घ्यायची लाट आली तेव्हा आम्ही घाबरलो नाही. उलट तसले फोटो घेऊन लोक आले: "यात आजी आजीसारखी दिसत नाही, तुम्ही करा."

आज सुटा फोटो आम्ही क्वचितच घेतो. एकसष्टी, लग्न, बारसं अशा प्रसंगांच्या गोष्टीच घेतो, आणि संवाद घरच्यांनीच सांगायचे हा नियम आहे. लग्नसराईत किमान पंधरा दिवस आधी कळवा. फोटो व्हॉट्सॲपवर पाठवणार असाल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. साधा पाठवला की तो दाबला जातो, जेपेगचे ८ बाय ८ चे चौकोन उघडे पडतात आणि थ्रेशोल्ड दिला की नाकाच्या कडेला पायऱ्या उगवतात.