बर्फाचा ट्रे

मंगळवार, रात्री

रक्ताचा रिपोर्ट परत उघडून पाहिला. हिमोग्लोबिन 9.1, फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा 6, दोन्ही कमीच. दोन वर्षांपूर्वीही आकडे असेच होते, म्हणजे मी यात नवखी नाही. तरी जिना चढताना लागणारी धाप मी वयाच्या खात्यावर टाकत होते आणि गळणारे केस पाण्याच्या.

बर्फाचं तर सांगायचीच लाज वाटत होती. गेले तीन महिने मी बर्फ चावतेय. मध्यरात्री उठून ट्रे वाकवायचा आणि अंधारात कुडुमकुडुम. घरच्यांना वाटायचं, हिला उकडतंय. आज डॉक्टरांना चाचरत सांगितलं, तर त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "लोह कमी असलं की काहींना माती खावीशी वाटते, काहींना बर्फ."

मग मी नेहमीचा प्रश्न विचारला, काय खाऊ? त्यांनी उलट विचारलं, "जातंय कुठे ते बघितलंत का?"

कधीच बघितलं नव्हतं. शरीर लोहाच्या बाबतीत भलतंच चिक्कू आहे. लाल पेशी साधारण 120 दिवस जगते आणि मेली की तिच्यातलं लोह काढून नव्या पेशीत वापरलं जातं. असं जुन्यातूनच रोज 20-25 मिलिग्रॅम मिळतं. अन्नातून रोज शोषलं जातं ते जेमतेम 1-2 मिलिग्रॅम. तेव्हा लोह आटलं म्हणजे एकतर गरज वाढली, नाहीतर अन्नातून पुरेसं पोचत नाही, नाहीतर रक्त कुठूनतरी जातंय. निरोगी रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह असतं. पाळीत 80 मिलिलिटर गेलं तर 40 मिलिग्रॅम गेलं. रोजच्या एक-दोन मिलिग्रॅमच्या कमाईतून ते कसं भरून निघणार?

किती दिवस जातं, गुठळ्या पडतात का, रात्री उठून पॅड बदलावं लागतं का, असं त्यांनी विचारलं. सगळ्याचं उत्तर हो. हे मी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. आईच्या अंगावरूनही असंच जायचं, मावशीच्याही. घरात सगळ्यांचंच तसं असलं की तो आजार वाटतच नाही. आता सोनोग्राफी सांगितली आहे. पुरुषाचं किंवा पाळी गेलेल्या बाईचं लोह असं कमी निघालं, तर पोट-आतड्यांत कुठे रक्त झिरपतंय का ते आधी बघतात म्हणे. गोळ्या देऊन मोकळं होत नाहीत.

मागच्या वेळची चूक मात्र माझीच. दोन महिन्यांत हिमोग्लोबिन 12.2 झालं आणि मी गोळ्या बंद केल्या. बायकांसाठी 12 ची रेघ असते, ती ओलांडली, झालं! पण मिळालेलं लोह शरीर आधी हिमोग्लोबिनला देतं, साठ्याकडे शेवटी वळतं. फेरिटिन हा त्या साठ्याचा आकडा, आणि तो तेव्हा मी तपासलाच नव्हता. म्हणून या वेळी हिमोग्लोबिन वर आल्यावरही साधारण तीन महिने गोळ्या चालू ठेवायच्या.

त्याही एक दिवसाआड. मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. पण गोळी घेतली की यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक जास्त सोडतं आणि ते पुढचा जवळजवळ दिवसभर आतड्याचं दार लोटून घेतं. दुसऱ्या दिवशीची गोळी त्या बंद दारावर जाऊन आपटते आणि पोट मात्र बिघडवते. मागच्या वेळी रोज गोळी घेऊन मळमळीने हैराण झाले होते, ते आठवलं. चहा गोळीच्या आसपास नको, हे सगळ्यात जड जाणार. शौचाला काळं होईल, घाबरू नका, असंही सांगितलंय.

शनिवार, अकरा दिवसांनी

धाप आहे तशीच. रक्त वाढायला काही आठवडे लागतात, त्यामुळे इतक्यात तपासायचंही नाही.

आज पाहुण्यांसाठी बर्फ काढायला गेले, तर ट्रे काठोकाठ भरलेला होता. शेवटचा कधी रिकामा केला तेच आठवेना.