बुडण्यासाठीच बांधलेला पूल

सोलापूरहून पंढरपूर मोहोळमार्गे ७०-७५ किलोमीटर. वाटेत लांबोटीला मक्याचा चिवडा घेतला, सीना ओलांडली. दर्शनाची रांग होती तशीच, दोन दिवस त्यातच गेले. लिहायचं आहे ते चंद्रभागेवरच्या जुन्या दगडी पुलाबद्दल. पाणी ओसरून तो नुकताच उघडा पडला होता आणि काठावरचे लोक म्हणत होते, "एवढा बुटका कशाला बांधला? दरसाल बुडतंय की!" हे ऐकलं की मला राहवत नाही.

पुलाचं बुटकेपण ही चूक नव्हे. उंच पूल करायचा तर दोन्ही काठांना उंच भराव घालावा लागतो. काठ सपाट असले की तो भराव बांधासारखा पाणी अडवतो आणि अडलेलं पाणी घाट चढून गावात शिरतं. बुटका पूल रोजचं पाणी खालून सोडतो आणि महापूर डोक्यावरून जाऊ देतो. चार दिवस वाहतूक थांबते, पण पूल टिकतो. उंची म्हणजे हमी असंही नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला पूर आला तेव्हा लांबोटीपाशी पुणे महामार्गही बंद ठेवावा लागला होता.

बुडणाऱ्या पुलाला वजन हवं. काळा पाषाण घनमीटरला २,८०० किलोच्या आसपास भरतो, पाण्याखाली त्यातले १,००० किलो कमी होतात. काँक्रीटचा स्लॅब २,५०० किलोचा, त्यातलेही तेवढेच जातात, म्हणजे वजनाच्या मानाने त्याचं नुकसान आणखी मोठं. स्लॅबखाली हवा कोंडली तर तो वर उचलला जातो, म्हणून हवा निसटायला भोकं ठेवतात. वेग दुप्पट झाला की प्रवाहाचा रेटा चौपट होतो. याच कारणाने अशा पुलाला भरीव कठडा नको, काढता येणारे किंवा विरळ खांब हवेत. कठड्यात जलपर्णी आणि ओंडके अडकले की त्याची भिंत होते आणि सगळा रेटा पुलावर येतो.

खरा धोका पायाशी असतो. खांबाच्या तोंडाशी पाण्याचा भोवरा वाळू उपसतो. खांबांचा पाया ठरवताना पुराच्या पातळीपासून मोजलेली सरासरी खरवड (पाणी तळ जिथवर उकरतं ती खोली) दुप्पट धरतात, काठाच्या भिंतींसाठी १.२७ पट. पूर उतरताना त्याच खड्ड्यात सैल गाळ भरतो आणि वरून सगळं ठीक दिसतं. म्हणून पाणी ओसरल्यावर नुसतं पाहून भागत नाही. वजन बांधलेली दोरी किंवा लांब काठी प्रत्येक खांबाजवळ, प्रवाहाच्या वरच्या अंगाला टोचून बघावी लागते. भीमेतला, म्हणजे याच चंद्रभागेतला, वाळूउपसा मला म्हणूनच सलतो. पात्र खाली गेलं की जुना पाया उघडा पडतो.

दगडांच्या दरजांचंही, म्हणजे सांध्यांचंही, तसंच. पिंपळाचं रोप नुसतं कापून चालत नाही, मूळ काढावं लागतं. मग दरज इंचभर खरवडून, धुऊन, ओली ठेवून भरायची. जुनं काम चुन्यात असेल तर चुना-सुरखीनेच (सुरखी म्हणजे विटांची भुकटी). वर कडक सिमेंट थापलं की आतली ओल कोंडते आणि दगडाचे पापुद्रे सुटतात.

पंढरपुरात पूर दोन वाटांनी येतो. एक उजनीचा, दुसरा वीर धरणातून नीरेने नरसिंहपूरला भीमेत येणारा. उजनीचा विसर्ग घटला म्हणून पूल मोकळा झाला असेल असं धरून निघू नका. फूटभर वाहत्या पाण्यात छोटी गाडी तरंगू लागते, आणि पाण्याखालचा खड्डा दिसत नाही.

पुलावरचा गाळ त्या दिवशी ओढून काढला होता. खांबांना गुंडाळलेली जलपर्णी मात्र तशीच होती, आणि वरून पुढचा विसर्ग जाहीर झाला होता.