पाचवीचा वर्ग आणि माटोळीचं इंग्रजी

गोव्यात चौथीपर्यंत मराठी किंवा कोकणीतून शिकलेलं मूल पाचवीला हायस्कुलात आलं की बहुतेक ठिकाणी माध्यम एकदम इंग्रजी होतं. घरी कोकणी, प्राथमिक शाळेत मराठी, आणि आता गणित-विज्ञानही इंग्रजीतून. मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात पाचवी-सहावीला इंग्रजी शिकवते. मुलांना अक्षरओळख असते, कविता तोंडपाठ असतात, पण स्वतःचं एक वाक्य बोलायचं म्हटलं की मान खाली जाते. धडा वाचायचा, अर्थ सांगायचा, प्रश्नोत्तरं फळ्यावरून उतरवून घ्यायची, या पद्धतीत बोलायची गरजच पडत नाही. सगळं बोलणं टीचरच करते.

वाट सापडली ती इंग्रजी अध्यापनातले तज्ज्ञ एन. एस. प्रभू यांच्या कामाविषयी वाचताना. 1979 ते 1984 या काळात त्यांनी दक्षिण भारतातल्या शाळांमध्ये एक प्रयोग केला, तो बंगळूर प्रकल्प म्हणून ओळखला जातो. व्याकरणाचे नियम क्रमाने शिकवण्याऐवजी मुलांना सोडवायला कोडी द्यायची: नकाशा, गाड्यांचं वेळापत्रक, असलं काहीतरी. आधी तसंच एक काम शिक्षकाने सगळ्या वर्गाबरोबर करायचं, मग दुसरं मुलांनी आपापलं. लक्ष उत्तर शोधण्यात असतं आणि भाषा त्या ओघात येते. आपल्यासारख्याच भरलेल्या वर्गांत हे झालं होतं, म्हणून मला धीर आला.

सुरुवात बसपासून केली. वाळपई ते पणजी गाड्यांच्या वेळा मीच बसवल्या. जोडीतल्या एकाकडे वाळपई-साखळीच्या वेळा, दुसऱ्याकडे साखळी-पणजीच्या. दहाच्या आत पणजीला पोचायचं, तर निघायचं कधी? एकमेकांची चिठ्ठी बघायची नाही, विचारायचं. प्रभूंना गटकामाचा फारसा भरवसा नव्हता. मुलं एकमेकांचं चुकीचं इंग्रजी उचलतील अशी त्यांना धास्ती होती. माझं मत इथे वेगळं आहे. वर्गासमोर जिची वाचा बसते ती मुलगी बाकावरच्या मैत्रिणीला बिनधास्त विचारते. तेवढ्यासाठी दोन-चार चुका मी चालवून घेते.

चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आधीचा तास तर मला कायम लक्षात राहील. गणपतीच्या वर फळाफुलांनी सजवलेली चौकट टांगतात, ती माटोळी. सत्तरीतल्या मुलांना तिचं रानसामान माझ्यापेक्षा जास्त कळतं. आदल्या दिवशी सांगितलं, एकेक वस्तू पिशवीत लपवून आणा. पिशवीवाल्याने वर्णन करायचं, बाकीच्यांनी प्रश्न विचारून चित्र काढायचं. एकाने कवंडळ आणलं होतं. तो उभा राहिला आणि गप्पच. मग हळूच म्हणाला, "टीचर, कोंकणींत सांगूं?" म्हटलं, आधी शेजारच्याला कोकणीत सांग, मग दोघांनी मिळून इंग्रजीत सांगा. दोघांची कुजबुज झाली आणि मग सुरू झालं: "इट इज रेड. राउंड. स्मॉल." मागून प्रश्न, "यू ईट?" "नो ईट. व्हेरी बिटर." "व्हेअर इट कम?" "ऑन वेल... वेल इज गोइंग अप द ट्री." वेलीला इंग्रजीत काय म्हणतात ते त्यानेच मला विचारलं, मी सांगितलं, आणि तास संपेपर्यंत तो शब्द वर्गात चारपाच तोंडी फिरला. मी शब्दार्थांत लिहून दिलेला शब्द असा कधी फिरलेला नाही.

चुका मी बोलताना अडवत नाही. वहीत टिपते आणि दुसऱ्या दिवशी कोणाचंही नाव न घेता दोन-तीन वाक्यं फळ्यावर लिहून विचारते, हे नीट कसं म्हणाल? 'यू ईट' चं 'डू यू ईट इट' मुलांनीच करून दाखवलं. एक मुलगी मात्र बरेच आठवडे काहीच बोलली नाही. तिच्यावर मी जबरदस्ती केली नाही. चित्रं मात्र ती अगदी अचूक काढायची, म्हणजे तिला सगळं कळत होतं.

पालकांना हे पटवणं सगळ्यात कठीण गेलं. "टीचर, पोराच्या वहीत काहीच दिसत नाही हो," असं एक आई काळजीने म्हणाली. तिची काळजी रास्त होती, परीक्षा लेखीच असते. मी मुलाच्या हाती बसची चिठ्ठी दिली आणि आईसमोर त्याला इंग्रजीत प्रश्न विचारले. त्याने उत्तरं दिली. त्यानंतर तिने वहीचा विषय काढला नाही, पण लिखाणाचं काय हा प्रश्न माझ्या डोक्यात राहिलाच. स्पेलिंग अजूनही कच्चं आहे.

म्हणून आता आठवड्यातला एक तास मुलं सांगतात आणि मी फळ्यावर लिहिते. शिगम्यात कमरेला घोड्याचा सांगाडा बांधून नाचतात, ती घोडेमोडणी. शिगम्यानंतर तिच्यावर वर्गाने असा मजकूर सांगितला. वाक्यं त्यांची, स्पेलिंग माझं. मग तो सगळ्यांनी उतरवून घेतला, त्यावर चित्रं काढली. तीच पानं यंदा पाचवीच्या नव्या मुलांच्या हाती दिली आहेत. घोडे कुठले, नाचणारा कोण, हे त्यांना आधीच ठाऊक असल्यामुळे अडलेला शब्दही ती अंदाजाने पुढे वाचतात. स्पेलिंगला याचा किती उपयोग होतो ते पहिल्या चाचणीत कळेल.